माहेरचा उतारा

नंदुरबारच्या मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका संध्याकाळी घरी आल्या की लेकराला चटकन उचलून घेत नाहीत. आधी हाताला तेल, मग राख, मग पाणी, आणि तरीही डोळ्याला बोट लागायची धास्ती. रंजनाबाईंनी दोन मुली अशाच वाढवल्या, कोपरांनी उचलून. मुली लग्न होऊन सुरतेला गेल्या. नवरा त्याआधीच गेलेला. भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या मात्र सुटल्या नाहीत. मालक म्हणेल तेव्हा गाठोडं उचलायचं, असं अकरा वेळा झालं.

अकराव्यांदा उचललं तेव्हा त्या पथारीवर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आते मरसू ते आपला घरमा!" तिथून पुढे सहा वर्षं त्या एकच काम करत होत्या. सातवी शिकलेली बाई, पण चाळीसजणींची गृहनिर्माण संस्था तिनेच उभी केली. ठराव त्याच लिहायच्या, कचेरीत त्याच भांडायच्या. मिरचीचे व्यापारी हस्तीमल शेठजी यांनी आईच्या नावाने काढलेल्या धर्मादाय ट्रस्टने गावाबाहेरची जागा बक्षीस दिली, बांधकामाचा निम्मा भारही उचलला. अट एकच घातली: सभासदाच्या नावावर कुठेही घर नको. ते तपासायचं कसं, हे बायकांनी ठरवावं.

बायकांनी म्हणजे रंजनाबाईंनी. शेठजींनी विश्वास टाकला, तर बोट दाखवायला जागा राहू नये, असा त्यांचा हट्ट. ग्रामपंचायतीत घर कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा उतारा प्रत्येकीने आणायचा, सासरच्या गावचा आणि माहेरच्याही. माहेरचा कशाला, असं कोणी विचारलं नाही. बहुतेकींची नावं बाप गेल्यावर भावांनी कधीच काढून टाकली होती. आखाजीच्या सणाला बहीण आली की एक साडी, पुरणपोळी, आणि कागदावर सही.

सिंधुबाईसारख्या मोजक्या जणींची तेवढी राहून गेली होती.

"रंजनाताई, त्या घरले छप्पर बी नही," ती रडकुंडीला आली. "भाऊन्या बकऱ्या बांधेल ऱ्हातस तठे."

"नाव शे ना? मंग संपनं."

"तुले माहेर नही का व?"

"शे. पण मन्हं नाव नही. बाप गया तवयच मी भाऊले सही करी दिधी."

सिंधुबाईचं नाव यादीतून गेलं. ती अजून त्याच पथारीवर देठ खुडते. रंजनाबाईंपासून चार बायका सोडून बसते.

किल्ल्या वाटायला आठवडा उरला, तेव्हा तरुण नावाचा शेठजींचा नातू, ट्रस्टचं काम बघणारा, फायली चाळत हसला. "मौसी, चाळीस फायली आणि माहेरचे उतारे एकोणचाळीस. तुमचाच राहिला की! आणून टाका, नुसती फॉर्मॅलिटी."

दुसऱ्यांचे कागद गोळा करता करता तो खरंच राहिला होता. रंजनाबाई माहेरी, कोरीटला गेल्या. ग्रामसेवकाने उतारा काढून पुढे सरकवला. घर एक आणि नावं दोन. लोटन, आणि खाली रंजना.

लोटनच्या ओट्यावर त्या उभ्याच राहिल्या. "भाऊ, मी सही दिधी व्हती ना तुले?"

लोटनचा चेहरा उजळला. "ती नाव काढानी सही नव्हती, ताई! लावानी व्हती. गावमा सगळा भाऊ बहिणीस्ना नावं काढतस. मी तुन्हं लावं. बापनं घर शे, तुन्हं बी शे."

"काढी टाक रे ते नाव."

"काय व्हयनं? मन्हं काही चुकनं का?"

सगळ्या गावात एका भावाने बहिणीला माणूस मानलं होतं. त्याच्या बायकोने आणलेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच प्यायला. ग्रामसेवक म्हणाला, नाव निघेल, पण तारीख आजची पडेल. आजच्या तारखेचा काही उपयोग नव्हता. नाव मागाहून काढून आणलेलं चालणार नाही, हेही कलम त्यांच्याच अक्षरात होतं.

बसमध्ये कागदाची घडी लहान लहान होत गेली. फाडला असता तर? अध्यक्षीणबाईचा कागद कोण मागणार होतं? तरुण तर फॉर्मॅलिटीच म्हणाला होता. पण सिंधुबाई डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी उतारा उलगडून टेबलावर ठेवला. घडलं ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "माहेरनं कलम मी घालं, ते चुकनं. नियम आपला शे, आपले बदलता येस. काढी टाकूत. मंग सिंधुबाई बी परत येई."

तरुणने मान खाली घातली. "तुम्ही ठरवाल ते ट्रस्टला मान्य आहे, मौसी. पण नियम बदलला तर नाकारलेल्या सगळ्या परत येतील. यादी नव्याने करावी लागेल. किल्ल्या मग पुढच्या वर्षी."

एकोणचाळीस बायका आपापल्या हातांकडे बघू लागल्या. पुढचं वर्ष म्हणजे पुन्हा पत्रे, पुन्हा गाठोडं. शेवटी मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "ताई, नियम सगळास्ले सारखा, तूच सांगस ना."

"हा," रंजनाबाई म्हणाल्या. "सांगस."

सभेला लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनीच वही ओढली, यादीतून नाव कमी करायचा ठराव लिहिला, त्यात स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या गावासकट. मग मान वर केली.

"सूचक कोण?"

बाहेर पथारीवर कोणीतरी मिरची पालटत असावं, तशी खोलीभर एक खोकल्याची लाट गेली. मग मोहिनीचा हात वर झाला. नवऱ्याने टाकलेली, दोन मुलींची आई. तिच्या रेशनकार्डासाठी रंजनाबाईंनी तहसीलला चार खेटे घातले होते. मोहिनी रडत होती, पण हात वरच होता.

रंजनाबाईंनी तिचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"अनुमोदक?"

या वेळी थांबावं लागलं नाही.