दुसरं मडगार्ड

बेकरीवाल्याचा जन्म पावाच्या साच्यांत गेला होता. साच्यातलं आपल्याला कुणी शिकवावं, हे त्याला पटणं शक्यच नव्हतं. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

त्याचा थोरला भाऊ, दादा, लाकडाचा छोटा रणगाडा करत होता. लहानपणापासून दोघांची वाटणी ठरलेली: "तू धर, मी कोरतो." धाकट्याच्या हाती चाकू कधी आलाच नाही. सगळं होत आलं, साखळीपट्ट्यावरचं डावं मडगार्डही झालं, आणि दादाचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला. आता परवा तो लेकीकडे राहायला जाणार होता, कायमचा. रणगाडा पुरा करून सोबत द्यायचा, आणि त्याला दादाशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा बेकरीवाल्याचा हट्ट. म्हणून डाव्याचाच साचा काढायचा आणि त्यातून दुसरं पाडायचं.

साधी गोष्ट. पण मडगार्डाचा पुढचा बाक असा, की प्लॅस्टरनं त्याला मिठीच मारली. साचा फोडावा लागला. मग रबराचा केला, तर नेमके बाकावरच बुडबुडे. पुन्हा साचा करून त्यात पातळ प्लास्टिक ओतलं, तर ते घट्टच होईना. बोटं चिकटली, सदऱ्याची वाट लागली, भट्टीतले पाव करपले.

"पावाला जाळी पडली की गिऱ्हाईक खूश होतं," बायको बुडबुडे बघत म्हणाली. "यालाही पडू दे की."

त्यानं हातातला डबा आदळला.

आज दुपारी मात्र साच्यातून गुळगुळीत मडगार्ड निघालं. चाकूच्या खुणासुद्धा जशाच्या तशा. तो ते घेऊन धावतच वरच्या खोलीत गेला.

दादानं ते डाव्या हातात घेऊन बराच वेळ फिरवलं.

"झकास. अगदी माझंच. पण हेही डावंच आहे रे."

"उलटं फिरवलं की बसेल."

बसेना. बाक पुढे घ्यावा, तर दुमडलेली कड आतल्या बाजूला येई. कड बाहेर घ्यावी, तर बाक मागे. बेकरीवाल्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. पावाला कुठं डावं-उजवं असतं? आयुष्यभर साचे भरले आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही. त्याला स्वतःचाच इतका संताप आला, की डोळे भरून आले.

"संपलं. आता काय होणार परवापर्यंत," तो म्हणाला.

"ते उरलेलं लाकूड आण इकडे. चाकूपण."

दादानं लाकूड टेबलावर ठेवलं आणि डाव्या पंजानं घट्ट दाबलं.

"मी धरतो. तू कोर."

"वाकडं होईल, दादा."

"होऊ दे. तिकडे बसल्या बसल्या नावं ठेवायला मला काहीतरी हवंच."

बेकरीवाल्यानं चाकू उघडला. पहिलाच काप चुकला. दादानं लाकूड जरासं वळवलं आणि पुन्हा घट्ट धरलं.