हिरा घरी राहायला आला

सराफाच्या दुकानात सोनं टिको न टिको, किस्से मात्र टिकतात! गिऱ्हाईक दागिना घेऊन जातं, पण बोललेलं आमच्याकडेच ठेवून जातं. साठ सालच्या आगेमागे मी दिग्रसला काकाजींच्या पेढीवर कामाला होतो. अजूनही चार जण जमले की "अबे, ते हिऱ्याचं सांग ना" अशी फर्माईश होतेच. आता तुम्ही चहा मागवलाच आहे, तर ऐका.

काकाजी म्हणजे पेढीचे मालक. अंगाने भरलेले, आवाज मऊ आणि गादीसमोर कायम खडीसाखरेची वाटी! येणाऱ्याच्या हातावर आधी खडा, मग भावाची गोष्ट. "तोंड गोड असलं का माणूस भांडत नाही," असा त्यांचा हिशेब होता.

०

आमच्याकडे हिऱ्याचं गिऱ्हाईक क्वचितच यायचं. एकदा कापसाचे एक दलाल आले. पोराचं साक्षगंध ठरलं होतं आणि सुनेच्या अंगठीला हिरा हवा होता. साक्षगंध म्हणजे तुमच्या पुण्याकडचा साखरपुडा.

काकाजींनी डबीतली सगळ्यात वरची पुडी उघडली. लखलखीत खडा! दलालसाहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डबीत हात घातला आणि पार तळाची पुडी ओढून काढली.

"वरचा माल दाखवायचा असते काकाजी, घ्यायचा माल खालून काढावा लागते!"

सगळी हयात कापसाच्या गाड्यांत गेलेली. वर पांढराशुभ्र आणि खाली भिजका कापूस भरणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. काकाजींनी हसून तीच पुडी बांधून दिली. पण त्या दिवसापासून विकायचा खडा नेहमी तळाशी जायला लागला.

०

मग एका दुसऱ्या लग्नातले मामाजी आले, नवरीकडचे. हे स्वतःला मोठे पारखी समजायचे. खरा हिरा छापील कागदावर ठेवला तर त्यातून खालचं अक्षर वाचता येत नाही, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. पेपर मागवला, खडा ठेवला, वाकून वाकून पाहिलं.

"एक अक्षर दिसून नाही राह्यलं! अस्सल हाय!"

मी खडा उचलला. मामाजी अजून पेपरावरच वाकलेले.

"पाहा, आताही नाही दिसून राह्यलं!"

चष्मा घरी राहिला होता!

०

इथवर मी मजेत हसत होतो. मग माझंच लग्न ठरलं, आणि गिऱ्हाईक म्हणून कोण आली? आमची आई!

मुलगी घाटंजीची, सुमन. तिचे वडील शाळेत गुरुजी. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पोह्यांच्या बशीआडून, पण तेवढ्यात माझं काम झालं होतं! अंगठीत हिरा हवा हा हट्ट गुरुजींचा नव्हता, आईचा होता. तिच्या स्वतःच्या लग्नात सासरकडून नाकातली हिऱ्याची चमकी कबूल झाली होती आणि ती कधी आलीच नाही. "माह्यी सून अशी नाही येणार," एवढंच ती म्हणायची.

पण हिरा असा उचलून आणायचा नसतो. आधी तो घरी राहायला आणायचा, देव्हाऱ्यात ठेवायचा आणि लाभतो का ते पाहायचं. घरात काही बरं घडलं तर ठेवायचा, वाईट घडलं तर परत. ही रीत तेव्हा सगळेच पाळायचे. पण आमच्या आईइतकी कडक परीक्षा यवतमाळ जिल्ह्यात कोणी घेतली नसेल!

पहिला खडा आला आणि दुपारी दूध नासलं. खडा परत.

"आई, वैशाख आहे, दूध नासणारच!"

"मंग वैशाखातही लाभन असा आण!"

०

दुसरा खडा आला. त्याच दिवशी बाबा यवतमाळहून येत होते, आणि एसटी दारव्ह्याजवळ बंद पडली. बाबा धुळीने माखून घरी आले. पाय धुवायच्या आत आईने पुडी माझ्या हातावर ठेवली.

मी चिडलो. "अगं, गाडीत बाकीचेही लोक होते. त्या सगळ्यांच्या घरी हिरा होता काय?"

"त्यायच्या घरी काय होतं ते मले कायले विचारतं? तू आपलं घर पाह्य!"

इकडे घाटंजीहून निरोप आला. पुसदच्या एका ओव्हरसियरचं स्थळ सुमनला सांगून आलं होतं. गुरुजी मला शब्द देऊन बसले होते, पण तिची आत्या घरात रोज कुरकुरत होती. "दिग्रसवाल्यायचं काही खरं नाही. खडा पाहून राह्यले का पोरगी टाळून राह्यले?" आखाडाआधी साक्षगंध झालं नाही तर पुसदवाल्यांना होकार जाणार, असं स्पष्टच कळवलं होतं. मला जेवण जाईना. सुमन हातची जाणार, तीही नासलेल्या दुधापायी!

०

काकाजींपुढे मी अक्षरशः रडकुंडीला आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनीले आता माह्या पसंतीचा खडा पाठवू दे," म्हणाले आणि गादीसमोरची वाटी उचलून आतल्या खोलीत गेले. बाहेर आले ते बोटं चाटतच. हातात जाड कापडाची पुडी, चारी बाजूंनी शिवलेली.

"वहिनीले सांग, उघडू नका. लाभला तर मीच अंगठीत बसवून देतो."

पुडी देव्हाऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची हाक आली, "मधू! धाव!"

मी धावलो. पाहतो तर काय, चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत काळ्या मुंग्यांची रांग! थेट पुडीवर! झालं, हाही परत! सुमन गेली पुसदला!

आईने हात जोडले. डोळ्यांत पाणी.

"काळ्या मुंग्या, बापा! लक्ष्मी आली घरात! हाच खडा!"

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. त्या दिवशी दोन वेळचं एकदम जेवलो.

पुडी परत काकाजींकडे नेली. हातात घेतली तर घरी नेली होती त्यापेक्षा हलकी लागली. मी तसं म्हटलं.

"पसंत पडला ना? मंग हलकंच वाटते," काकाजी म्हणाले आणि पुडी खिशात टाकली.

०

साक्षगंध घाटंजीला, गुरुजींच्या अंगणात झालं. मी अंगठी घातली, सुमनने हळूच वर पाहिलं. पुसद, दूध, एसटी, सगळं मी विसरलो. तिळाएवढाच खडा, पण बायकांच्या घोळक्यात जी ती तिचा हात धरून पाहत होती.

आत्याबाईंनी मात्र हात उलटासुलटा करून नाक मुरडलं. "चमकते तर खरा. पण अस्सल हाय कशावरून?"

आई ताठ झाली. "कशावरून म्हंजे? आमच्या हिऱ्याले मुंग्या लागल्या होत्या, बाई!"

आत्याबाई वळल्या त्या थेट पाहुण्यांत बसलेल्या काकाजींकडे.

"काहून हो सराफ, हिऱ्याले मुंग्या लागतात?"

काकाजींनी गालातला खडा या बाजूचा त्या बाजूला केला.

"लागतात ना बाई. पण फक्त आमच्याच पेढीच्या हिऱ्याले!"