आंब्याची खोली

आमचं घर भाजीपाल्याचं. मेथी, वांगी काढली की ओल्या पोत्यांखाली ठेवायची आणि दुपारी वरून पाणी मारायचं, ही सासूबाईंच्या हाताची सवय. त्या वर्षी मामंजींनी धामणगाव बढ्याच्या बाजारात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विकायला आंबे घेतले. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत गवतात रचले, लवकर पिकावेत म्हणून मध्ये कार्बाइडच्या पुड्या ठेवल्या आणि वर पोती टाकली.

धाकटे दीर बुलढाण्याला कॉलेजात होते. घरी आले की मोठ्यानं धडे घोकत. एकदा भाकरी थापताना मी विचारलं, हे काय असतं?

"वयनी, कार्बनचे कण एकमेकाचा हात धरतात. घासलेटात एकाच हातानं, ते शांत. पिकल्या आंब्यातून वायू निंघते, त्यात दोन हातानं. तो बाजूचा आंबा पिकवते. अन् कार्बाइडले पाणी लागलं का तीन हातवाला निंघते. लसणावानी वास मारते अन् लय तापट! कोंडला अन् दिवा दिसला का धडाम."

ते परत गेले. एका संध्याकाळी मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून लसणासारखा उग्र वास आला. घरात कोणी लसूण सोलला नव्हता. दुपारी सासूबाईंनी सवयीनं आंब्यांच्या पोत्यांवरही पाणी मारलं होतं.

तेवढ्यात मामंजी पेटता कंदील घेऊन आंबे निवडायला निघाले. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. मी जाऊन दारातच उभी राहिले.

"काऊन व आडवी राह्यली? सरक," सासूबाई ओरडल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. "दिवा नका नेऊ. आत वायू साचला. भडकते."

मामंजी सासूबाईंकडे पाहून हसले. "पोरगं कॉलेजात अन् मास्तरीण घरात!" पण कंदील त्यांनी ओट्यावर ठेवला. अंधारात चाचपत आत गेले, टोपली भरून खोकत बाहेर आले.

"झालं का काही?" सासूबाई म्हणाल्या. "उगाच जिवाले घोर."

काहीच झालं नाही, म्हणून माझं बोलणं खोटं ठरलं. आंबे चांगले पिकले, बाजारात उचलले गेले. पुढच्या खेपेला पुड्या जास्त आल्या. मी दार उघडं ठेवलं की सासूबाई लावून घेत.

अंधारात हाताला नीट लागत नाही म्हणून मामंजींनी त्या खोलीत कंदील टांगायला खिळा ठोकला. चुलीपाशी बसून मी ते ठोके ऐकत होते. दुसऱ्यांदा बोलायला माझी जीभ उचलली नाही.