नसलेल्या घंटेचा टोल

आधी माझा गाढवपणा सांगून टाकतो. मी इंजिनिअरला चुकीच्या देवळात पाठवलं.

त्याचं काय आहे, आमच्या ट्रस्टची इंदुरात दोन राममंदिरं आहेत. जुनं मल्हारगंजात, होळकरांच्या दफ्तरात नोकरीला असलेल्या आमच्या खापर-खापरपणजोबांच्या पिढीनं बांधलेलं. नवं कॉलनीत, पार्किंगवालं. मंडळी हळूहळू कॉलन्यांमध्ये राहायला गेली, गल्लीत गाडी शिरेना, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मूर्ती विधिपूर्वक नव्या देवळात नेल्या. जुन्यात मागे राहिला रिकामा गाभारा आणि त्याच्यापुढचा मोठा सभामंडप. लाकडी खांब, दोन्ही अंगांना बायकांसाठी सज्जे, एकेकाळी रामनवमीच्या कीर्तनाला पाय ठेवायला जागा नसायची. या मंडपाचं छत धोक्याचं आहे की नाही, हे बघायला इंजिनिअर येणार होते. ट्रस्टचा सचिव मी. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मीच पाठवलं... नव्या देवळाचं.

अकरा वाजता इंजिनिअर पाटीदारजींचा फोन. "भियाजी, बिल्डिंग तो एकदम मस्त है. पेंट चल रिया है, दरार एक भी नहीं. इसको गिराना क्यों है?"

स्पीकरवर होता फोन. मंडपात जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं. माझी बायको मेधा पोह्यांचा डबा उघडत होती, ती नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "चला, एक तरी देऊळ पास झालं."

आता दुसरी गोष्ट. मी चमत्कार-बिमत्कार मानणारा माणूस नाही. विमा कंपनीत क्लेम तपासण्यात माझी उमर गेली. "साहेब, आपोआप पेटलं" असं कोणी म्हटलं की मी चहा मागवतो आणि त्याला पहिल्यापासून परत सांगायला लावतो. तिसऱ्या वेळेला 'आपोआप'ची हवा निघते. जे पुढे लिहितोय ते मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्यासाठीही चहा मागवला असता.

तर पाटीदारजी येईपर्यंत मंडपात चौघं होतो. मी, मेधा, ट्रस्टचे अध्यक्ष नानासाहेब आणि वसुधाबाई.

वसुधाबाईंनी मला सातवीत मराठी शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत फुकट वाचनालय काढलं. अकरा कपाटं पुस्तकं, आणि जमिनीवर सतरंज्या. गावोगावहून कोचिंगला आलेली मुलं-मुली, एका खोलीत सहा-सहा जण राहणारी, तिथे येऊन शांतपणे अभ्यास करतात. पण घर पडलं सामाईक. दिरांनी विकायला काढलं, महिनाअखेर रिकामं करायचं. बाईंना भाच्याकडे जागा होती, पुस्तकांना नव्हती. अकरा कपाटं कोण ठेवून घेतो? त्या मुलांना तर कोणीच नाही.

बाईंनी जुना मंडप मागितला, आणि मी भर बैठकीत "बाई, समजा झालंच" असं बोलून बसलो. नानासाहेबांनी शब्द दिला नव्हता. त्यांचं मत वेगळं होतं — इमारत उतरवायची आणि खाली बाजारातल्या दुकानदारांसाठी स्कूटर पार्किंग. माणूस वाईट नाही, भिणारा आहे. "देखो शिरीष," ते मला म्हणाले, "उद्या एखाद्या पोराच्या डोक्यात छत आलं, तर पेपरात फोटो माझा छापून येईल. तुझा नाही."

शेवटी ठरलं, इंजिनिअर म्हणेल ते. छत ठीक तर वाचनालय, नाही तर पार्किंग.

अजून एक सांगायचं राहिलं. मूर्ती गेल्या तेव्हा दारातली मोठी घंटाही नव्या देवळात गेली. साखळी, आकडा, सगळं. छताला भोक राहिलं ते बुजवून वरून ऑइल पेंट मारला. पण हे आमच्या हातांना कोणी कळवलं नाही. आमच्यातलं कोणीही मंडपाची पायरी चढलं की त्याचा उजवा हात आपसूक वर जातो, हवेत एक झोका घेतो, आणि मग ओशाळून केसांवरून फिरतो. मला केस नाहीत, त्यामुळे माझं जरा जास्तच हसं होतं.

साडेबाराला पाटीदारजी आले. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून, घामाघूम. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "रेने दो भियाजी, भगवान के दर्शन तो हो गए." पोहे खाल्ले, शेव दोनदा घेतली, आणि मान वर करून छत बघत मंडपभर फिरले. छत कसलं, पोट सुटलेल्या माणसासारखं मधोमध खाली आलेलं, ओलीचे पिवळे डाग, एका कोपऱ्यात पोपडे. काठीने दोन ठिकाणी ठोकलं तर भुगा पडला.

"ये तो गया," पाटीदारजी म्हणाले.

"पुरं गया?" मी विचारलं.

"नीचे बच्चे बैठेंगे ना? तो मेरी साइन नहीं मिलेगी. सॉरी." त्यांनी पॅडवर तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद नानासाहेबांकडे दिला.

नानासाहेबांनी कागद वाचला, घडी केली. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं नाही. "वसुधाबाई, मी काही मुद्दाम..." एवढंच म्हणाले.

बाई सज्ज्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाही हो, नानासाहेब. तुमचं बरोबर आहे." मग पर्समधून एक चिठ्ठी काढली आणि मेधाला म्हणाल्या, "ही पुस्तकं घेणाऱ्या शाळांची यादी. दोघी मिळून फोन करू. शब्दकोश तेवढे रद्दीत नको जायला." आवाज अगदी वर्गातला, हजेरी घेतल्यासारखा. ते मला ऐकवेना. मी चहाचे रिकामे ग्लास उचलले आणि बाहेर टपरीवाल्याकडे द्यायला गेलो. ग्लास द्यायला पाच मिनिटं लागत नाहीत, मी लावली.

परत आलो. पायरी चढलो. हात वर गेला — सवयीने, नेहमीसारखा — आणि घंटा वाजली.

टण्ण... असा मोठा, जड टोल. आणि त्याच्या शेवटी ती झिणझिण. आमची घंटा एका कडेला टवकलेली आहे, तिचा आवाज संपता संपता थरथरतो. लहानपणापासून ऐकलेला आवाज, चुकणं शक्य नाही. माझा हात वर तसाच राहिला. बोटांना काही लागलं नव्हतं. लागायला तिथे काही नव्हतंच.

मी बावळटासारखा म्हणालो, "मी काही नाही केलं." सातवीत बाईंसमोर म्हणायचो, त्याच सुरात.

सगळ्यांनी ऐकलं होतं. मेधाच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच. बाई उभ्या राहिल्या होत्या. नानासाहेबांनी तर कानाला हात लावून बघितला, कारण त्यांचं ऐकायचं मशीन मघाशीच काढून खिशात ठेवलेलं. मशीनशिवाय त्यांना स्वतःच्या बायकोचं ऐकू येत नाही, आणि घंटा ऐकू आली. त्यांनी घाईघाईने मशीन कानात घातलं.

पाटीदारजी छताकडे बघत होते. देवाधर्माचा विचार त्यांच्या डोक्यात दिसत नव्हता. ते चिडले होते. "ऊपर घंटा टंगी है? इतना वजन, इस सीलिंग के ऊपर? पहले बताना था ना."

"घंटा इथे नाहीच," नानासाहेब म्हणाले. "वो तो नये मंदिर में है."

"वो तो मैं अभी देख के आया. पेंटवालों ने कपड़े में लपेट रखी है. ये दूसरी है. आवाज ऊपर से आई है."

आली वरूनच होती. आमच्या सगळ्यांच्या माना वर होत्या. पाटीदारजी म्हणाले, लटकतं वजन बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही, ते कधीही खाली येईल. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून शिडी आणली. मी धरली, ते चढले. माझी घंटा जिथे वाजली त्याच्या बरोबर वरच्या ठिकाणी त्यांनी एक फळी उचकटली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि डोकं आत घातलं.

बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते.

"पाटीदारजी?" मी खालून. "घंटा?"

"घंटा-वंटा कुछ नहीं है." मग ठक, ठक, लाकडावर ठोकल्याचा आवाज. "अरे बाप रे... सागवान है भियाजी. मेरी कमर जितना मोटा. एक, दो, तीन... अरे, ये तो सब खड़े हैं."

खाली उतरले तेव्हा त्यांच्या केसांत जाळी, शर्टवर धूळ, आणि चेहरा लग्नात मनासारखं जेवण झालेल्या माणसाचा. आम्ही जिला छत म्हणत होतो, ती खरं म्हणजे आजोबांच्या काळात कधीतरी हौसेने ठोकलेली पातळ फळ्यांची सीलिंग होती. तिचे खिळे गंजून ती लोंबत होती. खरं छत तिच्या हातभर वर, सागवानी तुळयांवर, जसंच्या तसं. गच्चीची पन्हाळ पानांनी तुंबली होती, म्हणून ओल. बस.

नानासाहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून पाटीदारजींना परत दिला. पाटीदारजींनी तो फाडला आणि नवा लिहायला घेतला. बाई चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

महिनाअखेर अकरा कपाटं मंडपात आली. सीलिंग उतरवली, पन्हाळ साफ केली. खांबांच्या ओळींमध्ये बाकं लावली, सज्ज्यात मुली बसतात कारण तिथे प्लग जास्त आहेत. गाभाऱ्यात काय ठेवायचं यावर नानासाहेबांनी तीन बैठका घेतल्या. शेवटी बाईंनी शब्दकोशांचं कपाट परस्पर तिथे लावलं आणि विषय संपला. चपला बाहेर काढायच्या, हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून सगळे काढतात. आणि स्वतः नानासाहेब दुपारी पेपर वाचायला येतात, मशीन खिशात घालून, म्हणजे शांतता मिळते.

आता राहिली घंटा. मी माझ्याकडून पूर्ण तपास केला आहे, सर्व्हेयर नेमल्यासारखा. गल्लीत भांड्यांची दोन दुकानं, पण तो रविवार, दोन्ही बंद. जवळच्या शाळेत इलेक्ट्रिक बेल. कचरागाडी सकाळीच येऊन गेलेली, आणि ती टोल देत नाही, गाणं वाजवते. पाचही जणांचे मोबाइल तपासले. कॉलनीतल्या पुजारीबुवांना विचारलं, तर घंटेवरचं कापड रंग वाळल्यावर मंगळवारी सोडलं. पाटीदारजींना दोन महिन्यांनी स्वतःच्या पैशाने चहा पाजून परत पहिल्यापासून सांगायला लावलं. तिन्ही वेळा तेच सांगितलं. मी पायरीवर उभा राहून किमान पन्नास वेळा हवेत हात फिरवून बघितला. मुलं बाकांवरून बघत होती. काहीही वाजलं नाही.

ही फाईल माझ्याकडे आली असती तर मी त्यावर काय शेरा मारला असता, मला खरंच माहीत नाही. मंजूर म्हणता येत नाही, नामंजूर करायला कारण सापडत नाही.

मध्यंतरी एका रात्री जेवताना मी परत तोच विषय काढला. म्हटलं, मेधा, मला एवढंच कळत नाही, पंधरा-सोळा वर्षं काही नाही, आणि नेमकी त्याच दिवशी घंटा का वाजावी?

मेधा भाकरी वाढत होती. म्हणाली, "मला तर आधी का नाही वाजली याचं नवल वाटतं. इतकी वर्षं तुम्ही लोकांनी त्या छताबद्दल मीटिंगा घेतल्या. एकानं तरी शिडी लावून वर बघितलं होतं का? मग वरच्यानंच काय ते केलं असणार. घ्या, भाकरी गार होतेय."