अंजनीआक्कानं आखलेलं बँकॉक

सीमाभागातल्या वडगावात सिद्धेशचे सहा माग चालतात आणि त्या मागांवरच्या साड्यांचे काठ त्याची थोरली बहीण अंजनी काढते. चौकटीच्या कागदावर, पेन्सिलीनं, एकेक चौकोन भरत. तिचा काठ शहापूरच्या बाजारात लोक लांबून ओळखतात. वय सेहेचाळीस, लग्न राहून गेलं ते गेलंच. तीन वर्षांपूर्वी आईच्या, रुक्माबाईंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून मागल्या खोलीत एका बाजूला आईची खाट आणि दुसऱ्या बाजूला अंजनीचं टेबल.

बँकॉकचं खूळ तिचंच. एकदा मोबाईलवर तिनं तिथल्या कालव्याकाठची रेशीम विणणाऱ्यांची वस्ती बघितली. लाकडी घरं, घरातच माग, आणि एक म्हातारी खाली मान घालून धोटा फेकत होती. जेवताना अंजनी सहज बोलून गेली, "एकदा जाऊन बघावं वाटतंय."

सिद्धेशनं ते लगेच उचललं. त्याची मुलगी ऋतिका दहावी झाली होती आणि बायकोला, मंजुश्रीला, कुठंतरी जायचंच होतं. "आक्का, तूच आख समदं. पाच दिवसांचं. तुझ्यावाणी डोकं हाय कुणाला या घरात?"

चार महिने अंजनीनं काठ काढावा तसं ते शहर काढलं. दारातच पुलावरून जाणाऱ्या रेल्वेचा जिना असलेलं हॉटेल शोधलं. कुठल्या धक्क्यावरून कुठल्या झेंड्याची नाव कुठं जाते, देवळात शिरायला गुडघे झाकायला लागतात, मंजुश्रीला माशाचा वास चालत नाही तेव्हा शाकाहारी खाणावळ कुठल्या गल्लीत, सगळं तिनं लिहिलं. तिसऱ्या दिवसाची सकाळ विणकरांच्या वस्तीसाठी. तेवढी एक सकाळ तिची. शाळेच्या कन्नड दाखल्यावर तिचं नाव 'अंजना' आणि आधारावर 'अंजनी', त्यापायी पासपोर्टला चार हेलपाटे झाले, पण आला. आईजवळ राहायला संकेश्वरची सुंद्रामावशी तयार होती. तिकिटं सिद्धेश काढणार होता.

निघायला नऊ दिवस असताना सिद्धेश दारात उभा राहिला. "मावशीचा गुडघा धरलाय गं. येत न्हाय म्हणाली."

"मग आईजवळ कोण?"

तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तुला घेऊन जातो. आता तिकीट वाया कशाला, मंजुश्रीच्या भणीचं, सौम्याचं नाव घातलं."

विमानाच्या तिकिटावरचं नाव असं बदलून मिळत नाही, हे अंजनीनंच कधी तरी वाचून दाखवलं होतं. ते तिला त्याच क्षणी आठवलं आणि तिनं ते गिळलं. कागदांची थप्पी तिनं त्याच्या हातात दिली. वर कुठल्या नावेवर कुठला झेंडा, तेही ऋतिकाला समजावलं.

पहिले दोन दिवस तिचा फोन सारखा वाजत होता. आक्का, कुठला जिना? आक्का, खाणावळ घावंना. आईला भरवता भरवता ती उजवीकडं वळा, पुढं पूल लागंल, असं सांगत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाट बघत बसली. वस्तीतनं कुणीतरी फोटो पाठवील. दुपारी फोटो आले, एका मोठ्या मॉलमधले. चौघं आईस्क्रीम खात होती.

त्या दिवशी तिला मावशीच्या गुडघ्याची आठवण झाली. तिनं संकेश्वरला फोन लावला.

"गुडघा? कुणाचा?" मावशी म्हणाली. "मी पिशवी भरायला काढलेली की गं. सिद्धेशचाच फोन आला, येऊ नको, आक्काचं जाणं रद्द झालंय. लई दिस झालं त्याला. महिना व्हायला आला असंल."

अंजनीनं फोन ठेवला. आईचं पांघरूण बदलायचं होतं, ते बदललं.

चौथ्या दिवशी सिद्धेशचा फोन आला. मागं गर्दी, मंजुश्रीचा चढलेला आवाज. "आक्का, नाव चुकलीया. कुठल्या धक्क्यावर उतरलोय कळंना. पोरगी रडालीया."

कुठं चुकली असतील ते तिला बसल्या जागी दिसत होतं. केशरी झेंड्याऐवजी पिवळा धरला असणार.

"सौम्याला विचार," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

चौघं परत आली ती फुगलेल्या तोंडानं. पोरगी तीन तास उन्हात उभी होती, असं मंजुश्री सगळ्या गल्लीला सांगत होती. अंजनीनं सिद्धेशला सरळ विचारलं, "मावशीला येऊ नको म्हणून कुणी सांगितलं?"

तो लपवायच्या फंदात पडला नाही. "मीच. आईला तुझ्याबिगर चालत न्हाय, तुला ठाऊक हाय. आणि तुझं काय अडलंय तिथं? माग तर हितंबी हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागावरच्या दोघांना बोलावलं आणि आईची खाट उचलून पुढच्या खोलीत, मंजुश्रीच्या नव्या सोफ्यासमोर ठेवली. "आता तुमची पाळी," अंजनी मंजुश्रीला म्हणाली. "सकाळचं तुम्ही, संध्याकाळचं मी."

रुक्माबाईंची जीभ जड झाली आहे, बोलणं फक्त घरच्यांनाच कळतं. त्यांनी डाव्या हातानं लेकीचा पदर धरला.

"मी... नको झाले व्हय गं?"

नाही म्हणायला अंजनीचं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. आईनं पदर सोडून दिला.

खाट सहा दिवस पुढं राहिली. सकाळी मंजुश्री नाकाला पदर लावून शौचाचं भांडं सरकवायची आणि आई डोळे मिटून घ्यायची. सातव्या दिवशी अंजनीनं स्वतःच खाट मागं नेली. मदतीला कुणाला बोलावलं नाही, ओढतच नेली.

सिद्धेशचे काठ मात्र तिनं सोडले. आता ती शहापूरच्या दुसऱ्या मालकासाठी काढते, त्याच टेबलावर, आईच्या खाटेशेजारी. भाऊ-बहीण एकाच चुलीचं खातात, बोलतात कामापुरतं. आई तिच्याकडं पहिल्यासारखी बघते की नाही, हे अंजनीला अजून ठरवता आलेलं नाही.