पायगाडीची बैठक

तेव्हा कल्याणात पायगाडी, म्हणजे सायकल, फक्त आमच्या शेजारच्या मास्तरांकडे होती. मास्तर किडकिडीत होते, तरी तिची बैठक त्यांना सारखी अरुंद वाटे. घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्याकडून त्यांनी ती रुंद करून घेतली, मग आत घोड्याचे केस भरून घेतले. "अजून टोचते म्हणे," असं पुटपुटत ते पुन्हा त्याच्याकडे जात. असं कोण म्हणतं, ते मला उमगत नसे.

एका सकाळी शीळच्या रस्त्यावर मला ती पायगाडी दिसली. वर मास्तरांची बायको कासोटा घट्ट खोचून बसली होती आणि मास्तर बैठक धरून मागे धावत होते. गावाला कळलं असतं, तर त्यांना शाळेत कोणी ठेवलं नसतं.

मला पाहून दोघं थांबली. मास्तर गयावया करतील असं मला वाटलं. त्यांनी घाम पुसत बायकोला विचारलं, "आता टोचते?"

"नाही," ती म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. "बैठक जमली. वहिनींना शिकायचं असेल तर विचारून बघा."

घरी बायकोने पाणी दिलं. "असे का बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. विचारायचं मनात होतं, आणि नव्हतंही.