विनताने वाळू हलवली

विनता पिंपळापुरेला माफी मागता येत नाही, असं तिचे दीर बाबाराव सगळ्यांना सांगत. ते साफ खोटं होतं. कुणाला चुकून पाय लागला तरी ती लगेच हात जोडायची. न केलेल्या चुकीची माफी मात्र तिच्या तोंडातून निघत नसे, आणि नोकरीच्या जगात हा मोठा दुर्गुण समजला जातो.

नवरा गेल्यावर जबलपूरच्या एका फॅक्टरीत त्याच्या जागी तिला घेतलं होतं. कापडाच्या स्टोअरात बसून तोफेच्या दारूसाठी पिशव्या शिवायच्या, हे तिचं काम. नोकरी हंगामी होती. पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली तेव्हा तिला कायम करण्याचा कागद स्टोअरच्या राजवाडे साहेबांच्या टेबलावर होता आणि फक्त त्यांची सही बाकी होती. बाबाराव रोज बजावत, "वहिनी, सही होईस्तोवर तोंड बंद ठेवा जी. मग काय बोलायचं ते बोला."

स्टोअरात अकरा मांजरं होती. एकही पाळलेलं नव्हतं आणि एकाच्याही अंगाला कुणी हात लावू शकत नव्हतं. हात पुढे केला की कोपरापर्यंत सोलून निघायचा. पण त्यांच्यामुळे उंदीर कापडाच्या ठाणांना तोंड लावत नव्हते, म्हणून कुणी त्यांना हाकलत नसे. दुपारच्या डब्यातला पोळीचा तुकडा विनता भिंतीकडेला ठेवायची आणि लांब सरकायची. ओळख होती ती एवढीच.

पाऊस सरला, लढाई थांबली, डबल ड्यूटी मात्र थांबली नाही. आणि त्यातच पिसवा झाल्या. शिवणाऱ्या बायकांचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल झाले. मशीन चालवावं की पाय खाजवावेत, कळेना. जुन्या माणसांना लहानपणचा प्लेग आठवला आणि ते कुजबुजू लागले. राजवाडे साहेबांनी हुकूम काढला की मांजरं पकडा आणि त्यांच्या अंगावर डीडीटीची पूड मारा.

"साहेब, मांजर अंग चाटते," विनता म्हणाली. "पूड सारी पोटात जाईल."

"तुम्ही शिवण पाहा, बाई."

मोहन नावाच्या हमालाने पोतं टाकून एक करडी मांजर पकडली. "बाईजी, हम क्या करें, हुकुम है," असं पुटपुटत त्याने पूड मारली. मांजर सुटली, कपाटाखाली गेली आणि मांजरं करतात तेच करत बसली. तिने सगळं अंग चाटून स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थरथर कापत बाहेर आली आणि विनताच्या मशीनपाशी पाय ताणून मेली. विनताला रडू आलं नाही, संताप आला. तिने मांजर फडक्यात गुंडाळली, साहेबांच्या खोलीत गेली आणि टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवली.

"ही एक झाली, साहेब. दहा राहिल्या. त्या मेल्यावर उंदीर येतील, आणि प्लेगचं भेव असंल तर ते उंदरांचं धरा. पिसवा मांजरीच्या अंगावर जेवाले येतात. त्यांचं घर दुसरीकडं आहे."

"कुठे आहे?"

"शोधते. तीन हप्ते द्या."

साहेब फडक्याकडे पाहत होते आणि त्यांना ते लवकरात लवकर टेबलावरून हलवायचं होतं. त्यांनी तीन आठवडे दिले. "नाहीतर उरलेली सगळी पोत्यात घालून नर्मदेपार," असंही वर ऐकवलं.

विनता मझौली गावच्या शेतकऱ्याची लेक. गोठ्यात पिसवा झाल्या की तिचे वडील बैलांच्या मागे लागत नसत, गव्हाणीखालची भुसभुशीत माती काढून उन्हात टाकत. तिने पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत बांधल्या आणि स्टोअरभर कोपरान् कोपरा फिरली. बायका हसल्या, "विनताबाई पलटणीत चालल्या." ठाणांपाशी पट्टीवर दोन-चार काळे ठिपके उडाले. गठ्ठ्यांमागे एकही नाही. पण दाराजवळच्या वाळूच्या ढिगापाशी ती उभी राहिली तशा दोन्ही पट्ट्या तीळ सांडल्यासारख्या झाल्या.

ती वाळू लढाईची होती. बॉम्ब पडून आग लागली तर विझवायला प्रत्येक शेडच्या दाराशी ढीग टाकला होता आणि तो भिजू नये म्हणून वर तरटं पसरली होती. कोरडी, सावलीतली, मऊ वाळू, वरून पांघरूण! मांजरांनी तिथे बिछाना केला आणि पिसवांनी अंडी घातली. राजवाडे साहेबांनीच जातीने उभं राहून तो ढीग घालून घेतला होता.

विनताने वाळू उन्हात पसरायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "युद्धकाळातली व्यवस्था आहे. एक घमेलं हलवायचं नाही."

"काहून? वाळू परत तिथंच टाकून देतो ना आम्ही."

"नाही म्हणजे नाही."

रविवारी सकाळी ओव्हरटाइमला शेड उघडली तशी विनताने पदर खोचला आणि फावडं उचललं. मोहन घमेलं घेऊन आला. करड्या मांजरीचं त्याच्याही मनाला लागलंच होतं. दोघांनी सगळी वाळू अंगणात पातळ पसरली, तरटं सोड्याच्या पाण्यात उकळली, फरशीच्या फटी झाडूने खरवडून केर जाळला. संध्याकाळी तापलेली वाळू बादल्यांत भरून दाराशी ओळीने लावली आणि वर पत्रे झाकले. मांजरांसाठी दूरच्या कोपऱ्यात खोकी मांडून त्यांत धुतलेली तरटं घातली. मांजरं खायला उठली की आतलं तरट बदलायचं, उकळायचं, वाळवायचं. असं दर तीन दिवसांनी. एकाही मांजरीला तिने हात लावला नाही.

पहिल्या आठवड्यात पिसवा वाढल्यासारख्याच वाटल्या. साहेबांनी दाराशी बादल्या पाहून वहीत नोंद केली, आणि जाता-येता विचारत, "काय पिंपळापुरेबाई, झाला का शोध?" बायकाही कुरकुरू लागल्या. विनता रोज पट्ट्या बांधून फिरायची आणि ठिपके पाहायची. दुसऱ्या आठवड्यात ते निम्म्यावर आले. विसाव्या दिवशी अख्ख्या स्टोअरात फिरून आल्यावर पट्ट्या कोऱ्या होत्या.

एकविसाव्या दिवशी तिला बक्षीस मिळालं, मेमो! युद्धकाळात आगीची वाळू विनापरवानगी हलवली. बाबाराव तिला घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी कायम करण्याचा कागद डावीकडे ठेवला, कोरा कागद उजवीकडे. "दोन ओळी लिहा. चूक झाली, क्षमा असावी. मी इथेच सही करतो."

"लिहा ना जी, वहिनी," बाबाराव काकुळतीला आले. "दोन ओळींनं काय बिघडून राहिलं?"

विनताला ती सही हवी होती. खूप हवी होती. हंगामी माणसाला उद्या येऊ नका म्हणायला दुसरा मेमोही लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने पेन उचललं. दोन ओळी लिहून तिने कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज खाली आला.

"वाळू मी हलवली. पुन्हा पिसवा झाल्या तर पुन्हा हलवीन."

डावीकडचा कागद साहेबांनी खणात टाकला. विनता हंगामीच राहिली, एक वर्ष नाही, सहा वर्षं. दरवर्षी साहेब तिला बोलवायचे, कोरा कागद पुढे करायचे, आणि दरवर्षी ती त्याच दोन ओळी लिहून पिशव्या शिवायला परत यायची. एकाहत्तरला पुन्हा लढाई आली आणि शेडच्या दाराशी पुन्हा वाळू पडली. या वेळी साहेबांनी हमालांना वाळूचे ढीग घालू दिले नाहीत. ते स्वतः उन्हात उभे राहिले, वाळू बादल्यांत भरून घेतली आणि वर पत्रे झाकायला लावले. माफीचा कागद मात्र त्या वर्षीही त्यांनी पुढे केलाच. विनताने लिहिलं, "या वर्षी वाळू तुम्ही नीट ठेवली. हलवावी लागली नाही." साहेबांनी ते वाचलं, खणातला सहा वर्षांपूर्वीचा कागद काढला आणि त्यावर सही केली.